बरं वाटणं आणि बरं होणं

गेल्या महिन्यात 'कला आणि मनःस्वास्थ्य' या विषयावरच्या एका परिसंवादाला गेलो होतो. व्यासपीठावर एकीकडे कलेतून 'हीलिंग'ची शिबिरं घेणाऱ्या एक बाई होत्या, दुसरीकडे आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर. बाईंचं म्हणणं असं की, रंग हातात घेतले की मन आपोआप मोकळं होतं. त्यात चूक-बरोबर काही नसतं, जे उतरेल ते सुंदरच. यावर मास्तर उसळले. कला म्हणजे क्रोसिनची गोळी नव्हे, म्हणाले. कलेला हेतू चिकटवला की ती संपलीच. टाळ्या दोघांनाही पडल्या. दोन तास असेच गेले, आणि शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलेला खरा प्रश्न वाऱ्यावर गेला. त्या प्रश्नाकडे नंतर येतो. पण घरी परतताना राहून राहून वाटत होतं की, हा वाद आपल्याकडे सगळीकडे असाच घातला जातो. एकाच्या हातात दुकान, दुसऱ्याच्या हातात सोवळं.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. कला करताना माणूस सावरतो, याबद्दल मला शंका नाही. मात्र स्वतःच्या मनाची नाडी धरून बसलेला माणूस त्यातून सावरत नाही. ज्याचं सगळं लक्ष हातातल्या कामावर असतं, आणि ते काम ज्याच्यासाठी चाललंय त्या देवावर, माणसावर, प्रसंगावर असतं, तो सावरतो. कामात चूक-बरोबर असतं म्हणून तर सावरतो. बाई ज्याला अडथळा समजून बाजूला सारतात, त्यातच औषधी गुण आहे. आणि मास्तर ज्याचा विटाळ मानतात, तो हेतू जगातल्या बहुतेक कलेच्या मुळाशी आहे.

यातला निम्मा घोळ शब्दांचा आहे. मराठीत 'बरं होणं' वेगळं आणि 'बरं वाटणं' वेगळं. टायफॉइड बरा होतो. दुखण्यात कुणी भेटायला आलं की बरं वाटतं. शिबिरवाले विकतात बरं वाटणं, आणि जाहिरातीत लिहितात बरं होणं. टीकाकार बरं होण्याचा पुरावा मागतात, तो मिळाला नाही की सगळंच थोतांड ठरवतात. या दोन्हींच्या मध्ये आपल्या भाषेत आणखी एक शब्द आहे, 'सावरणं'. दुखणं आहे तिथेच असतं, कधी वाढतंही, आणि तरी माणूस उभा राहतो. मला बोलायचंय ते याबद्दल.

मिथिलेच्या गंगा देवींचं उदाहरण घेऊ. जन्म 1928 सालचा. लग्नघरात कोहबर लिहिणाऱ्या, म्हणजे कमळ आणि बांबूची ती गुंतागुंतीची मंगलरचना भिंतीवर उतरवणाऱ्या बायकांच्या परंपरेतली ही बाई. 1966च्या सुमारास बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून भिंतीवरची चित्रं कागदावर आणण्याची सरकारी खटपट सुरू झाली. त्यासाठी कागद घेऊन तिथे गेलेला माणूस मराठी होता, चित्रकार भास्कर कुलकर्णी. त्या कागदानं गंगा देवींना गावाबाहेर नेलं. 1984 साली पद्मश्री मिळाली. मग कर्करोग झाला. दिल्लीत एम्समध्ये उपचार सुरू झाले आणि त्या दिवसांवर त्यांनी चित्रांची एक मालिकाच केली. रुग्णालय, डॉक्टर, खाटा, सगळं त्याच रेषेत, ज्या रेषेत पूर्वी नवरा-नवरीसाठी कमळं लिहिली होती. 1991 मध्ये त्या गेल्या.

म्हणजे चित्रांनी कर्करोग बरा केला नाही. हे ठसठशीत लिहायला हवं, कारण 'कला बरं करते' म्हणणारे इथे आवाज बारीक करतात. मग चित्रांनी केलं काय? रुग्णालयात ज्यानं दिवस काढलेत त्याला ठाऊक असेल, तिथे माणसाचा केसपेपर होतो. कूस कधी बदलायची, उपाशी कधी राहायचं, सुई कुठल्या हाताला, सगळं दुसरे ठरवतात. चित्रात मात्र खाट कुठे ठेवायची आणि डॉक्टर किती मोठा काढायचा, हे गंगा देवी ठरवत होत्या. वॉर्डात जिच्यावर सगळं घडत होतं, ती कागदावर सगळं घडवत होती. आणि त्यासाठी तिला नवी 'अभिव्यक्ती' शोधावी लागली नाही. आईकडून, आजीकडून आलेली शिस्तीची रेष तिच्या हातात होती. शिस्त नसती तर त्या वॉर्डाचं चित्र झालं नसतं, नुसती धडधड कागदावर उतरली असती.

शिस्तीचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या नैऋत्य भागात नव्हाहो नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात आजाऱ्यासाठी रंगीत वाळूचं चित्र घालतात. मंत्र गाणारा जाणता ते घालतो, रुग्णाला त्या चित्रावर बसवतात आणि विधी आटोपला की चित्र मोडून टाकतात. चित्रातली प्रत्येक आकृती नेमकी यावी लागते, चूक झाली तर विधी बिघडला. विकण्यासाठी तेच चित्र करायचं असेल तर मुद्दाम त्यात काही बदल ठेवतात, म्हणजे देवाचं ते देवाजवळ राहतं. आपल्याकडे वारली लग्नातला चौक पाहा. तांदळाच्या पिठानं भिंतीवर सुवासिनी तो घालतात, मध्ये पालघाट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून तिला आवाहन करते. वारली माणसं 'चौक काढला' म्हणत नाहीत, 'चौक लिहिला' म्हणतात. मिथिलेतही क्रियापद तेच, लिहिणं. लिहिणं आलं की वाचणारा आला, शुद्धलेखन आलं. 'जे उतरेल ते सुंदरच' ही सवलत यातल्या कुणीच स्वतःला दिलेली नाही. का दिली नसेल? यांना मनाचे व्यापार कळत नव्हते म्हणून?

घरचं एक उदाहरण देतो. काका गेल्यावर माझ्या मावशीनं त्यांच्या धोतरांची आणि सदऱ्यांची गोधडी शिवायला घेतली, नातवासाठी. रोज दुपारी दोन तास. मी गेलो तेव्हा ती एक अख्खी ओळ उसवत होती. मला तर टाके सरळच दिसत होते. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि उसवत राहिली. शिवताना बरं वाटतं का, असं मी विचारलं. तेव्हा माझ्याही डोक्यात हे असलेच लेख घोळत होते. ती म्हणाली, "बरं कसलं, डोळे दुखतात." सहा महिन्यांत गोधडी झाली, आणि त्या सहा महिन्यांत मावशी पुन्हा शेजारपाजारी जायला लागली, स्वतःसाठी स्वयंपाक करायला लागली. गोधडीमुळेच, असा दावा मी करत नाही. वेळही गेला, माणसंही आली. पण त्या रिकाम्या दुपारींना उभा-आडवा धागा तिनं घातला होता, आणि वाकडा टाका तिला चालणार नव्हता, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

आता विरोधकांकडे वळतो, कारण त्यांचे काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत. पहिला पुराव्याचा. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं कला आणि आरोग्य यांवरच्या 3,000हून अधिक अभ्यासांचा आढावा घेणारा अहवाल काढला. शिबिरांच्या माहितीपत्रकांसाठी तो सोन्याची खाणच ठरावा. पण तो आढावा होता. त्यात वृंदगानापासून नृत्यापर्यंत सगळं एका पोत्यात आहे, आणि अभ्यासांची प्रतही सारखी नाही. त्याहून मला उद्बोधक वाटतो तो 1986 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा साधासा प्रयोग. काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं, इतरांना किरकोळ विषय दिले. आघाताबद्दल लिहिणाऱ्यांना लिहून उठल्यावर जास्तच वाईट वाटलं. मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अभ्यासांनी हा परिणाम लहान आहे असं दाखवलं, असेना. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी वाईट वाटलं, सावरणं नंतर आलं. शिबिराच्या शेवटी 'कसं वाटतंय?' विचारून हसऱ्या चेहऱ्याचे शिक्के मारून घेणाऱ्यांना हा क्रम परवडणारा नाही.

दुसरा आक्षेप व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा. हा नेहमीचाच यशस्वी आक्षेप. कलेनं माणूस सावरतो तर व्हॅन गॉग का नाही सावरला? सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात 1889च्या मे महिन्यापासून वर्षभर तो होता, तिथे त्यानं सुमारे दीडशे चित्रं केली, आणि बाहेर पडल्यावर अडीच महिन्यांत गेला. मान्य. पण यातून लोक वेडाचा आणि प्रतिभेचा जो रोमँटिक संबंध जोडतात, तो उलटा आहे. झटका आला की त्याला रंगवणं बहुतांशी जमत नसे. एका झटक्यात तर त्यानं रंगच खाल्ले, आणि डॉक्टरांना काही काळ ते त्याच्यापासून दूर ठेवावे लागले. ती चित्रं आजारानं काढलेली नाहीत, आजाराच्या दोन झटक्यांमधल्या शुद्धीच्या जागेत काढलेली आहेत. कला त्याला वाचवू शकली नाही हे खरंच. बांध पुरात वाहून जातो तेव्हा बांध घालणंच खोटं होतं, असं आपण म्हणतो का?

सगळ्यात अवघड आक्षेप तिसरा आहे, आणि तो परिसंवादात कुणी घेतलाच नाही. तो असा: समजा, कलेनं खरंच बरं वाटतं. मग ते चांगलंच कशावरून? जात्यावरची ओवी घ्या. पहाटेच्या अंधारात सासुरवाशीण दळायला बसते, सासूचा जाच, नवऱ्याचं दारू पिणं, माहेरची ओढ, सगळं ओवीत घालते, पीठ होतं आणि दुःखही हलकं होतं. मग उजाडतं, आणि ती पुन्हा त्याच घरात तोच जाच सोसायला उठते. कुकरच्या शिट्टीसारखं हे. वाफ गेली म्हणून कुकर फुटत नाही. बायकांनी गायलं नसतं, तर कदाचित त्यांनी जातं फेकलं असतं! कलेनं सावरणं म्हणजे अन्याय सोसायची ताकद पुरवणं, असा हा आरोप आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मी त्याला उत्तर देतो ते ओवीच्याच घरातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, पुढे अनेकांच्या साथीनं, लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. पिठाच्या गिरण्या आल्यावर जी गोष्ट संपायची होती, ती अशी राहिली. त्या ओव्या वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, ओवी क्वचितच स्वतःशी असते. ती भावाला असते, आईला असते, लेकीला, विठ्ठलाला, नाहीतर प्रत्यक्ष जात्याला. जनाबाई दळता-कांडता गाते तीही अनंताला गाते, स्वतःच्या मनःशांतीसाठी गात नाही. दुसरी गोष्ट, ओवीला मोजमाप आहे. यमक जुळावं लागतं, जात्याचा फेरा सांभाळावा लागतो, आणि समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ ऐकत असते. ती चुकलेली ओवी दुरुस्त करते, आपली जोडते. 'माझं दुःख' अशा रीतीनं दोघींचं होतं, मग आळीतल्या बायकांचं. कुकरची उपमा घ्यायचीच तर पुरती घ्यावी. शिट्टी शेजारच्या घरी ऐकू जाते.

आणि त्याच संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या आहेत, भीमरायावरच्या. जात्याच्या ज्या फेऱ्यावर सासुरवास गायला गेला, त्याच फेऱ्यावर पुढे आंबेडकर गायले गेले. दुःख बोलायला घडवलेली भाषा दुःखाचं कारण बोलायलाही कामाला आली. जी बाई कधी ओवी बांधायला शिकलीच नाही, ती जातं फेकायला अधिक मोकळी होती, असं खरंच कुणी सिद्ध करू शकेल? मला तर उलट दिसतं. जिचं बोलणंच मोडून पडलंय ती बंडही करत नाही, ती नुसती गप्प होते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगतात, लहानपणी आई गेली, त्या धक्क्यानं पोराची वाचा बसली, आणि तो धुळीत बोटानं चित्रं काढून सांगू लागला. पुढे 2011 साली हाच माणूस पद्मश्री झाला, वारली चित्र जगभर गेलं, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला धुळीचा काळ महत्त्वाचा वाटतो. त्या चित्रांना समोरचा माणूस हवा होता.

एक कबुली मात्र काहीही हातचं न राखता द्यायला हवी. ज्या परंपरांचे दाखले मी देतोय, त्यांनी प्रत्येकाला सावरलेलं नाही. चौक सुवासिनीनंच लिहायचा, म्हणजे जिचा नवरा गेला तिनं नाही. आमच्या मावशीनं काका गेल्यावर दारात रांगोळी घातली नाही. आळीत कुणी 'नको' म्हटलं नसेल, पण 'घाल' असंही कुणी म्हटलं नाही. जिला आधाराची सर्वांत जास्त गरज, तिच्याच हातातली रांगोळीची वाटी काढून घ्यायची, हा परंपरेचा क्रूरपणा आहे आणि 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणत तो झाकता येणार नाही. शिबिरवाल्या बाईंच्या वर्गात विधवेला कुणी अडवत नाही, हे त्यांच्या बाजूनं मोठं माप आहे. माझी तक्रार त्यांच्या दाराबद्दल नाही, आत गेल्यावर दिल्या जाणाऱ्या कामाबद्दल आहे.

तसंच, प्रशिक्षित कलोपचारकाची खोली वेगळी. 'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं, 1940च्या दशकात. तो स्वतः क्षयरोगी म्हणून आरोग्यधामात पडून असताना चित्रं काढत होता आणि मग इतर रुग्णांना शिकवू लागला. पुढे क्षयाला वेसण घातली ती स्ट्रेप्टोमायसिननं, जलरंगांनी नव्हे. पण अंथरुणात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या माणसाचं काय करायचं, याचं उत्तर स्ट्रेप्टोमायसिनजवळही नव्हतं. कलोपचारकाच्या खोलीत मुलानं काढलेल्या काळ्या घराला कुणी 'छान' म्हणत नाही नि 'चूक'ही म्हणत नाही. ते घर तिथे बोलणं असतं, आणि समोर ऐकायला शिकलेला माणूस असतो. त्या खोलीत माझा चूक-बरोबरचा आग्रह लागू नाही. पण त्या खोलीची सवलत उचलून रविवार सकाळच्या वर्गात आणायची, आणि ऐकायला शिकलेला माणूस मात्र आणायचा नाही, हा व्यापार झाला.

आता मास्तर. हेतू आला की कला बाटते, या त्यांच्या भीतीमागे इतिहास आहे हे खरं. हुकूमशहांनी चित्रकारांना कामाला जुंपलं, तेव्हा काय निपजलं ते जगानं पाहिलं. पण हेतू वेगळा आणि हुकूम वेगळा. कलेसाठी कला ही घोषणा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची; तिच्याआधी आणि तिच्याबाहेर हजारो वर्षं माणसं पाऊस पडावा म्हणून नाचली, मूल जगावं म्हणून भिंती रंगवल्या, गेलेल्यासाठी दगड कोरले. अजिंठ्याच्या लेण्यांत दात्यांनी पुण्यासाठी दान दिल्याचे लेख आहेत. ती चित्रं त्यामुळे उणी झाली का? आणि आपला तुकोबा? दुष्काळात दिवाळं निघालं, बायको गेली, मुलगा गेला, आणि तो देवाला म्हणतो, 'बरे झाले देवा निघाले दिवाळे'. हे 'बरे' बरं वाटण्यातलं नाही. देवाशी भांडण मांडायला बसलेला माणूस आहे हा, आणि त्या भांडणासाठी त्यानं अभंगाचा छंद पक्का केला. हेतू काढून घ्या त्यातला, काय उरतं?

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार जर्मनीतल्या बाउहाउस या नामांकित कलाशाळेत शिकलेली, म्हणजे मास्तरांच्याच सोवळ्यातली. 1942च्या डिसेंबरात नाझींनी तिला तेरेझिनच्या छावणीत नेलं. तिनं तिथल्या मुलांना चित्रकला शिकवली, आणि शिकवली म्हणजे खरोखर शिकवली: रचना, लय, रंगांची तुलना, थोरांच्या चित्रांवरून अभ्यास. उद्या कुठली गाडी निघेल ठाऊक नसलेल्या मुलांसमोर ती रेषा नीट यायचा आग्रह धरत होती. 1944च्या ऑक्टोबरात तिला ऑशविट्झला पाठवलं, तिथे ती मारली गेली. मुलंही बहुतेक सगळी. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रं राहिली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. यानं कोण 'बरं' झालं, असं विचारणाऱ्याला देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नाही. पण त्या मुलांना त्या तासाला रांगेतला आकडा समजायला तिनं नकार दिला होता, आणि तो नकार तिनं चांगल्या चित्रकलेच्या तासानंच दिला. छावणीत रचना शिकवणारी ही बाई आमच्या परिसंवादात कुठल्या बाजूला बसली असती?

तर मागच्या रांगेतली ती मुलगी. तिच्या वडिलांना पक्षाघात झालाय, उजवा हात गेला, दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. त्यांच्यासाठी कलेचं काही करता येईल का, असं तिनं विचारलं होतं. बाईंनी मंडलाचं, म्हणजे छापील गोल नक्षीचं, रंगवायचं पुस्तक सुचवलं. मास्तर म्हणाले, फिजिओथेरपी नियमित करा, हे क्षेत्र डॉक्टरांचं. दोन्ही उत्तरं ऐकून ती खाली बसली. जिन्यात मी तिला गाठलं आणि वडील काय करायचे ते विचारलं. पाट्या रंगवायचे, म्हणाली, दुकानांच्या. फ्लेक्स आल्यापासून काम कमीच होतं, पण गावातल्या निम्म्या जुन्या पाट्या त्यांच्या हातच्या. मी विचारलं, सध्या कुणाची पाटी रंगवायची राहिलीय का? ती जरा थांबली. समोरच्या किराणावाल्याची खूप उडालीय, म्हणाली, तो मागे एकदा बोललाही होता. पण बाबा म्हणतात, डाव्या हातानं वेलांटी नीट येणार नाही.

नाहीच येणार, पहिल्या खेपेला. मी तिला म्हटलं, त्या किराणावाल्याला सांग, घरी येऊन जा, आणि बाबांना सांग की घाई नाही पण पाटी हवीय.